कॅज्युअल्टीत कळलेला कॅन्सर आणि ओपीडीत कळलेला कॅन्सर: जगण्यात फरक का पडतो?

एका मुलीचा प्रश्न आहे. आई ५८ वर्षांची. तीन-चार महिने पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ॲसिडिटी समजून गोळ्या चालू होत्या. एका रात्री दम लागला म्हणून कॅज्युअल्टीत नेलं, तर पोटात आणि उजव्या फुप्फुसाभोवती पाणी निघालं आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ओव्हरींना गाठी दिसल्या. वॉर्डात कोणीतरी म्हणालं, "इमर्जन्सीत सापडलेला कॅन्सर म्हणजे पेशंट फार दिवस काढत नाही." हे खरं आहे का, आणि खरं असेल तर आता हातात काही उरतं का, असं तिने विचारलं आहे.

मी स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते, आणि हा प्रश्न नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

वॉर्डातलं ते वाक्य आकडेवारीच्या पातळीवर खरं आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक कॅन्सर रुग्णाचं निदान कोणत्या मार्गाने झालं, याची देशपातळीवर नोंद ठेवतात: फॅमिली डॉक्टरने तातडीने पाठवलं म्हणून, तपासणी मोहिमेत, दुसऱ्याच आजारासाठी ॲडमिट असताना, की इमर्जन्सीत. २००६ ते २००८ या वर्षांच्या नोंदी पहिल्यांदा एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की जवळपास एक-चतुर्थांश कॅन्सर इमर्जन्सीत कळत होते, आणि त्या रुग्णांपैकी वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा खूप कमी होतं. पुढे सहा देशांच्या नोंदी घेऊन आठ प्रकारच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. त्यात ओव्हरीचा कॅन्सरही होता. उत्तर तेच आलं. श्रीमंत, सरकारी आरोग्यसेवा चांगली असलेल्या देशांतही इमर्जन्सीत निदान होणाऱ्यांचं प्रमाण जागेनुसार सुमारे २४ ते ४३ टक्के होतं, आणि ते जिथे जास्त तिथे एकूण जगण्याचं प्रमाणही कमी दिसलं.

स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये मात्र सगळे एका मापाचे नाहीत. ओव्हरीचा कॅन्सर इमर्जन्सीत कळण्याचं प्रमाण मोठं, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये ते त्याच्या कितीतरी खाली. कारण साधं आहे. अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद जणींना रक्तस्राव होतो, आणि बहुतेकींची पाळी तेव्हा गेलेली असते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं की बाई घाबरते, घरचेही घाबरतात, आणि कोणीतरी तिला डॉक्टरकडे नेतं. अशा शंभरात प्रत्यक्षात नऊएक जणींनाच कॅन्सर निघतो; तरी ती भीती उपयोगाची ठरते. एक सोनोग्राफी, अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर तुकडा तपासणी, आणि निदान ओपीडीतच होतं. ओव्हरीला असं लाल निशाण नसतं. ती पोटात मोकळ्या जागेत असते, गाठ वाढायला भरपूर वाव असतो, आणि तिच्या पेशी पोटाच्या अस्तरावर पसरतात तेव्हाही बाईला जाणवतं ते फक्त गॅस, अपचन, कंबर जड होणं, सारखं लघवीला जावंसं वाटणं. पन्नाशीच्या बाईने हे सांगितलं की आपल्याकडे तिला ॲसिडिटीची गोळी मिळते आणि "रात्रीचं हलकं जेवा" असा सल्ला. त्या मुलीने स्वतःला दोष देऊ नये म्हणून हे सांगते आहे. तिच्या आईसारखी गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिल्या दोन वाक्यांत मला पुढचं कळतं.

आता फरक का पडतो, ते. पहिलं कारण टप्प्याचं. इमर्जन्सीत येणाऱ्या बहुतेक जणींचा आजार पसरलेला असतो. अमेरिकेतल्या नोंदी पाहा: ओव्हरीचा कॅन्सर ओव्हरीपुरताच असताना सापडला तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर; दूरवर पसरल्यावर सापडला तर तीस टक्क्यांच्या आसपास. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ९० वरून २० च्या घरात घसरण. दोन मार्गांतला बराचसा फरक इथेच आला.

पण टप्पा सारखा असलेल्या बायकांची तुलना केली तरी थोडा फरक उरतो. तो शरीराच्या अवस्थेचा. इमर्जन्सीत येणारी बाई आठवडे नीट जेवलेली नसते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं असतं, पोटात पाच-सहा लिटर पाणी असतं, आतडं अडलेलं असतं, किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये हे फार होतं; पाय सुजून आलेल्या बाईचा कॅन्सर आधी पायातच कळतो). अशा शरीराला किमो किंवा मोठी शस्त्रक्रिया लगेच सोसत नाही. म्हणून इमर्जन्सी गटातले जास्तीचे मृत्यू मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होतात. हे नीट लक्षात घ्या, कारण वॉर्डातल्या वाक्यात हेच सुटतं: पहिले महिने पार करून उपचार पूर्ण करणाऱ्या बाईला गटाचा सुरुवातीचा आकडा लागू करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या व्यवसायात मोकळेपणाने बोलली जात नाही. काही गाठी जात्याच आक्रमक असतात. त्या महिन्या-दीड महिन्यात पोटभर पसरतात आणि कितीही सजग बाई असली तरी इमर्जन्सीतच नेऊन पोचवतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर एक प्रचंड चाचणी झाली: दरवर्षी सीए-१२५ ची (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करून आणि तिच्या चढउतारावर लक्ष ठेवून ओव्हरीचा कॅन्सर लवकर पकडायचा. लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण खरोखर वाढलं. पण २०२१ मध्ये अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. मी तो निकाल वाचून अस्वस्थ झाले, कारण आपण सगळे "लवकर निदान म्हणजे जीव वाचला" असं धरून चालतो. ओव्हरीच्या बाबतीत तसं सरळ गणित नाही. त्यामुळे लक्षणं नसताना "कॅन्सर पॅकेज" म्हणून सीए-१२५ करून घेऊ नका. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पाळी, पोटाचा टीबी यांतही तो वाढतो आणि नाहक ऑपरेशनं होतात. लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई यांपैकी काहीही वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यातून बाराएक वेळा त्रास देत असेल, तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ दोन्ही करा. तपासणी एकदा नॉर्मल आली आणि त्रास चालूच राहिला, तर पुन्हा करा.

उरलेलं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते निदानानंतरचं आहे: पहिला हात कोणाचा लागला. इमर्जन्सीत रात्री जो सर्जन ड्यूटीवर असतो तो पेशंटचा जीव वाचवायला उभा असतो. कॅन्सरची शस्त्रक्रिया हे त्याचं काम नव्हे. पोट उघडलं, सगळीकडे गाठी दिसल्या, एक तुकडा घेतला किंवा दिसेल तेवढी गाठ काढली आणि पोट बंद केलं, असं होतं. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना दिसणारी गाठ शिल्लक राहिली की नाही, यावर पुढचं आयुष्य फार अवलंबून असतं. अर्धवट ऑपरेशनने बाईला जखम मिळते, किमो तीन-चार आठवडे लांबते आणि पुन्हा पोट उघडताना चिकटलेल्या आतड्यांशी झगडावं लागतं. एका ओव्हरीपुरती बंद असलेली गाठ ऑपरेशनमध्ये फुटली तर टप्पा पहिलाच राहतो, पण जास्त जोखमीचा उपगट लागतो आणि किमोचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आतडं फाटलंय किंवा रक्तस्राव थांबत नाही अशी वेळ नसेल, तर त्या रात्री पोट उघडण्याची घाई कोणी करू नये.

चुकण्याची दुसरी नेहमीची वाट टीबीची. आपल्याकडे पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेला, की काही ठिकाणी तुकडा न घेता एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते आणि दोन महिन्यांनी बाई आणखी पाणी घेऊन येते. उलटही घडतं: तरुण मुलीला कॅन्सर सांगून पोट उघडलं जातं आणि निघतो टीबी. दोन्हींवर उपाय एकच आहे. सोनोग्राफी किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा घ्यायचा, आणि पोटातलं पाणी काढलंच तर ते बेसिनमध्ये ओतून न देता सायटॉलॉजी, सेल ब्लॉक (या दोन्हींत कॅन्सरच्या पेशी शोधतात) आणि एडीए (टीबीचा माग लावणारी) या तपासण्यांना पाठवायचं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची इमर्जन्सी निराळी दिसते, आणि महाराष्ट्रात ती अजून खूप दिसते. महिनोन् महिने अंगावरून पांढरं, वास येणारं पाणी जात असतं, संबंधानंतर रक्त येतं, आणि बाई ते अंगावर काढते, कारण ते सांगायचं कोणाला? मग एक दिवस रक्ताचा लोट येतो, हिमोग्लोबिन चारवर. किंवा लघवी कमी होते, उलट्या सुरू होतात आणि तिला किडनीच्या डॉक्टरकडे नेतात. तपासल्यावर कळतं की गाठीने दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या आहेत. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती बिघडलं ते दाखवणारा रक्तातला आकडा) आठ-दहा असलेली ही बाई "आता काही उरलं नाही" म्हणून घरी पाठवायची नसते. पाठीतून किडनीत नळी घालून लघवीला वाट दिली की पुष्कळदा क्रिएटिनिन उतरतं आणि ती रेडिएशनसाठी तयार होते. रक्तस्रावासाठी योनीत घट्ट पॅक आणि तातडीचं रेडिएशन असतं. टाटा मेमोरियलमध्ये आमच्याच बायकांवर, तिसऱ्या टप्प्याच्या ब उपगटातल्या ८५० जणींवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला: रेडिएशनबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिलेल्या गटात पाच वर्षांनी ५४ टक्के जिवंत होत्या, नुसतं रेडिएशन घेतलेल्या गटात ४६ टक्के. तिसरा टप्पा, आणि निम्म्याहून जास्त बायका जिवंत. पण बाहेरून आणि आतून दिलेलं सगळं रेडिएशन मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं; मधे लग्न, कापणी, दिवाळी म्हणून दोन आठवडे सुटले तर त्याची किंमत मोजावी लागते.

आणि पिशवी काढण्याचं प्रकरण. रक्त जातं, पांढरं जातं, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगून पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा तुकडा तपासणी न करताच पिशवी काढतात. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत हे इतकं वाढलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या ऑपरेशनांतल्या बहुसंख्य बायकांना कॅन्सर नव्हताच, हा एक अन्याय. दुसरा अन्याय थोड्यांच्या वाट्याला येतो: गर्भाशयमुखाचा कॅन्सर असताना साधी हिस्टरेक्टॉमी (पिशवी काढणं) झाली, पिशवीचा रिपोर्ट महिन्याने आला किंवा पिशवी तपासायला पाठवलीच नाही. अशी बाई माझ्याकडे येते तेव्हा पूर्ण रेडिएशन देण्यासाठी पिशवीची जागाच उरलेली नसते आणि आतून द्यायचं रेडिएशन अवघड होऊन बसतं. हे निदान कॅज्युअल्टीत झालेलं नसतं, ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर झालेलं असतं, तरी जगण्याच्या दृष्टीने ते चुकीच्या जागी झालेलंच निदान आहे. पिशवी काढण्याआधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, आणि काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला गेली का, हे दोन प्रश्न प्रत्येक नवऱ्याने आणि मुलाने ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी विचारावेत.

निदानाची जागा बदलता येते का? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात होती. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन नुसती नावं लिहून घेत नव्हती. ती पारावर, अंगणात बसून सांगत होती की अंगावरून असं जात असेल तर दवाखान्यात या. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि त्या बायकांचं जगणंही वाढलं. नवं यंत्र आलं नव्हतं. लोकांशी बोलणारी माणसं आली होती. मला आजही हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत दिलासा देणारा पुरावा वाटतो.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या, ५२ गटांत वाटलेल्या गावांतल्या. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ मध्ये हा निकाल छापून आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही म्हणून टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. म्हणूनच जास्त टोचतं ते पुढचं: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. ज्या बायकांच्या अंगावर हे ज्ञान मिळालं, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोचलेलं नाही.

आता पुन्हा त्या मुलीकडे. आईच्या बाबतीत पुढच्या आठवड्याभरात काय व्हायला हवं, ते सांगते. फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं असेल तर त्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या का, हे विचारा. पेशी मिळाल्या तरच आजार चौथ्या टप्प्याचा धरतात, नुसतं पाणी असण्यावरून तो ठरत नाही. तुकडा तपासणी सुईने करून घ्या. सीए-१२५ बरोबर सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढणारी रक्तातली खूण) करा. पहिला दुसऱ्याच्या पंचवीस पटींहून जास्त असला तर गाठ ओव्हरीचीच असण्याकडे कल असतो, कमी असला तर आतडं आणि जठर दुर्बिणीने पाहावं लागतं. पाय सुजला असेल तर डॉप्लर (शिरेतली गुठळी पाहणारी सोनोग्राफी). जेवणात डाळ, अंडी, दूध, पावडर, जे जाईल ते प्रथिनांचं, आणि आहारतज्ज्ञाची भेट पहिल्याच दिवशी. लगेच ऑपरेशन झालं नाही म्हणून घाबरू नका. आधी तीन किमो देऊन मग शस्त्रक्रिया करणं हे, पसरलेल्या आजारात, आधी शस्त्रक्रिया करण्याइतकंच चांगलं ठरतं आणि त्रास कमी होतो, हे युरोप आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी २०१० आणि २०१५ मध्ये दाखवलं. इमर्जन्सीत आलेल्या बाईसाठी ही पद्धत मोठीच सोय आहे. ज्या बाईला आज खुर्चीत बसवत नाही, ती दोन किमोंनंतर स्वतः चालत ओपीडीत येते. हे मी वारंवार पाहिलं आहे. म्हणून पहिल्या दिवशीचा अंदाज अंतिम धरू नका, तिसऱ्या किमोनंतरच्या स्कॅनला पुन्हा विचारा.

शस्त्रक्रिया मात्र स्त्रियांच्या कॅन्सरचं काम नियमित करणाऱ्या सर्जनकडेच करा. परळचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, गोव्यातल्या मंडळींसाठी बांबोळी. जवळचं जे असेल ते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतं. आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी दाखवा, कारण मंजुरीला लागणारे दिवसही उपचारातलेच असतात. सध्याच्या दवाखान्यातून स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि सीटीची सीडी हातात घेऊन निघा. नुसते रिपोर्ट पुरत नाहीत. ब्लॉक नसला की नव्या ठिकाणी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

आणि एक तपासणी आईची असली तरी तिचा उपयोग मुलीला आहे. तुकड्यात हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा (ओव्हरीच्या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा प्रकार) निघाला तर आईची बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांची तपासणी करून घ्या. अशा साधारण सहापैकी एकीत दोष सापडतो. आईला तो सापडला तर किमोनंतर गोळ्यांचा एक चांगला पर्याय मिळतो. मुलीने मग स्वतःची तपासणी करावी. तिच्यातही तोच दोष निघाला, तर मुलंबाळं झाल्यावर, दोष बीआरसीए-१ मधला असल्यास ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मधला असल्यास ४० ते ४५ वयाच्या दरम्यान, दोन्ही ओव्हरी आणि नळ्या काढण्याबद्दल जेनेटिक समुपदेशकाशी आणि आमच्यापैकी कोणाशी तरी बोलायची वेळ घ्यावी.